आठ गेल्या की कार्ड, चार गेल्या की केबल

भोर तालुक्यात दोन मोठी धरणं आहेत. भाटघर साडेतेवीस टीएमसीचं, नीरा-देवघर पावणेबारा टीएमसीचं. तिसरं सारोळ्यात, आमच्या भाच्याच्या माळ्यावर आहे आणि ते १९२ टेराबाइटचं आहे. पहिल्या दोहोंत पाणी साठतं, तिसऱ्यात लग्नं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर ते नाही. पण पहिली दोन उन्हाळ्यात तळ दाखवतात, तेव्हा हे नेमकं काठोकाठ भरलेलं असतं.

सारोळे पुणे-सातारा रस्त्यावर किकवीच्या पुढे, नीरेच्या काठावर. पूल ओलांडला की शिरवळ आणि सातारा जिल्हा. भाच्याला त्यामुळे दोन जिल्ह्यांची गिऱ्हाइकं आहेत. लग्न, साखरपुडा, जावळ, कुस्त्यांचा फड, सगळ्यांचं शूटिंग तो करतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून शर्यतींचाही जोर आहे. बैल काही सेकंद पळतात आणि चित्रीकरण आठ-दहा तास चालतं, कारण मधल्या वेळात पुढारी बोलतात. आजकालच्या कॅमेऱ्याचं चांगल्या प्रतीचं चित्रीकरण तासाला ४५ जीबी खातं. दोन कॅमेरे, दहा तास, शिवाय ड्रोन, की एक लग्न टेराबाइटच्या घरात जातं. पुसायचं म्हणाल तर सोय नाही. गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह दिला, पैसे मिळाले, सगळं झालं, तरी तीन वर्षांनी एखाद्या आत्याबाईंचा फोन येतो: ‘त्या लग्नात आमचे अण्णा जेवताना हसले होते, तेवढंच काढून दे रे.’ अण्णा आता नाहीत. मग पुसणार कोण?

म्हणून चोवीस हार्डडिस्क, प्रत्येकी ८ टेराबाइटची. पत्र्याचं मोठं कॅबिनेट भंगारातून, मदरबोर्ड जुन्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरचा, वर लिनक्स. लिनक्स का, तर फुकट. भाच्याच्या तोंडून मी स्वातंत्र्य, मुक्त सॉफ्टवेअर वगैरे शब्द कधी ऐकले नाहीत. तो थेट सांगतो, ‘मामा, पैसे लागत नाहीत.’

मदरबोर्डावर डिस्क जोडायला सहा-आठ जागा असतात. चोवीस डिस्क लावायच्या तर वेगळी कंट्रोलर कार्डं घालावी लागतात. एका कार्डावर आठ, म्हणजे तीन कार्डं. नवी महाग पडतात, म्हणून भाच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनी आणली. ही कार्डं मूळ एलएसआय या कंपनीची. २०१४ साली एलएसआयला अवागोने विकत घेतलं. २०१६ साली अवागोने ब्रॉडकॉमला घेतलं आणि घेतल्यावर स्वतःचंच नाव ब्रॉडकॉम करून टाकलं, म्हणजे सून घरात आली आणि सासऱ्याने आडनाव बदललं. शिवाय तेच कार्ड आयबीएमच्या सर्व्हरमध्ये एका नावाने नांदतं आणि डेलच्या सर्व्हरमध्ये दुसऱ्या. भाच्याच्या तीन कार्डांवर तीन कंपन्यांची नावं छापलेली होती आणि तिन्हींत चिप एकच, एसएएस २००८.

एक कार्ड लावा, मशीन गुण्यागोविंदाने चालतं. दुसरं लावा, थोडं कुरकुरतं. तिसरं लावलं की भानगडींना सुरुवात होते आणि मला फोन येतो. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मामा, कार्ड गेलं.’ कंट्रोलर कार्ड हा सर्व्हरमधला सर्वांत निर्दोष आणि सर्वांत जास्त वेळा फासावर चढवला जाणारा प्राणी आहे, असं माझं मत झालं आहे. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर ते मत आता बदलणार नाही.

पहिला खटला असा. तिन्ही कार्डं लावली आणि मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पहिल्या कार्डाने आपलं नाव, गाव, आठ डिस्कची यादी वाचून दाखवली. दुसऱ्यानेही दाखवली. तिसऱ्याची पाळी आली आणि सगळं गप्प. तिसरं कार्ड गेलं, असा निकाल भाच्याने दिला. दाजींनी दुजोरा दिला. दाजींना कार्ड कोणतं ते माहीत नव्हतं, पण लॅमिंग्टन रोडवर फसवतात यावर त्यांची श्रद्धा आहे.

खरं कारण १९८१ सालचं. आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा एक मेगाबाइटची जागा आखून ६४० किलोबाइट प्रोग्रॅमना दिले आणि वरचा तुकडा पडद्याला आणि वेगवेगळ्या कार्डांना राखून ठेवला. प्रत्येक कार्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो. मशीन सुरू होताना तो या राखीव तुकड्यात येऊन बसतो. कार्डांच्या वाट्याला तिथे साधारण १२८ किलोबाइट येतात. त्यातही पडद्याचं कार्ड आधी येऊन पथारी पसरतं. जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या बोर्डांवर हा कायदा अजून चालू आहे. १९२ टेराबाइटचा संसार १२८ किलोबाइटच्या जागेसाठी उंबऱ्यात अडून बसला होता. गंमत अशी, की त्या छोट्या प्रोग्रॅमची लिनक्सला गरजच नाही. लिनक्स स्वतःच्या ड्रायव्हरने कार्डाशी थेट बोलतो. तो प्रोग्रॅम लागतो फक्त त्या कार्डावरच्या डिस्कवरून मशीन सुरू करायचं असेल तर, आणि भाच्याचं मशीन मदरबोर्डावरच्या वेगळ्या डिस्कवरून सुरू होतं. बायॉसमध्ये जाऊन तिन्ही स्लॉटांचे ते प्रोग्रॅम बंद केले आणि तिसरं कार्ड निर्दोष सुटलं.

दुसरा खटला डेलच्या नावाच्या कार्डाचा. हे कार्ड साध्या मदरबोर्डात घातलं की काही बोर्ड चालूच होत नाहीत. पडदा नाही, बीप नाही, नुसता पंखा. यावरचा उपाय जगभर चालतो आणि ऐकणाऱ्याला अंधश्रद्धा वाटतो: कार्डाच्या सोनेरी दातांपैकी पाचव्या आणि सहाव्या दातावर, ठरलेल्या एका बाजूने, बारीक चिकटपट्टी लावायची. त्या दोन दातांवरून कार्ड बोर्डाशी हळू आवाजात काही जास्तीचं बोलत असतं. ते बोलणं काही बोर्डांना मानवत नाही. चिकटपट्टी लावली की तोंड बंद आणि कामकाज सुरू. चिकटपट्टी नसेल तर नेलपॉलिशही चालते. आमची भाचेसून म्हणाली, ‘मामा, माझी घ्या, पण लाल आहे.’ लाल चालली. आता ते कार्ड तीनांत उठून दिसतं. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा होते, तेव्हा दाजी त्या लाल ठिपक्याकडे बघून ‘याला कुंकू आधीच लावलंय’ म्हणून त्याला सोडून देतात. ते एक बरंच झालं. गेल्या पूजेतल्या झेंडूच्या पाकळ्या पुढच्या पंख्यातून कितीतरी दिवस निघत होत्या.

मध्येच भाच्याला कुणीतरी सांगितलं, की कंपन्यांमध्ये रेड हॅटचं लिनक्स वापरतात, तू काय असलं साधं वापरतोस. त्याने त्याच वळणाचं एक फुकटचं लिनक्स चढवलं आणि तिन्ही कार्डं एका रात्रीत ‘गेली’. रेड हॅटने २०१९ च्या आठव्या आवृत्तीतून या चिपचं नावच आपल्या यादीतून कमी केलं आहे. मूळ लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर अजून आहे. म्हणजे हार्डवेअरच्या यादीत तिन्ही कार्डं दिसत होती, फक्त त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. पुन्हा जुनं साधं लिनक्स घातलं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

नावांवरून आठवलं. शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं, तर ग्रामपंचायतींचे ठराव, मग जिल्हा परिषद, मग राज्य सरकार, मग दिल्ली, असा कागदाचा प्रवास झाला. लिनक्स एका रीस्टार्टमध्ये चोवीस जणांची नावं बदलतो आणि कुणाला विचारत नाही. जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, नंतरची एसडीबी, असं झेडपर्यंत, आणि मग एसडीएए. एकच कार्ड असताना क्रम बहुधा तोच राहतो. तीन कार्डं आणि वर मदरबोर्डाचे स्वतःचे पोर्ट असले, की कोण आधी जागं होईल त्याचा भरवसा नाही. भाच्याने मात्र प्रत्येक डिस्कवर पांढरी चिठ्ठी लावून स्केचपेनने ‘एसडीसी’, ‘एसडीडी’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ती चिठ्ठी लिहिली त्या दिवशी खरी होती. पुढच्या वेळी लाइट गेली आणि आली, की तीच चिठ्ठी भलत्याच डिस्कच्या छातीवर. आणि ‘एसडीसी खराब आहे, काढून टाक’ असं कुणी सांगितलं, तर निघते चांगली.

डिस्कच्या अंगावर कारखान्यात छापलेला सिरियल नंबर असतो. तो बदलत नाही. लिनक्समध्ये ‘बाय-आयडी’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्क त्या नंबराने सापडते. मी भाच्याला सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावून शेवटचे चार अंक लिहायला लावले. तो म्हणाला, ‘मामा, एसडीसी म्हणायला सोपं होतं.’ सोपं होतंच.

आता मुख्य प्रकरण. ऐन मे महिन्यात, भर दुपारी, तीन लग्नांचं फुटेज एकाच वेळी उतरवताना एका क्षणात आठ डिस्क गायब झाल्या. फोन आला: ‘मामा, आठ डिस्क जळल्या.’ मी पोचेपर्यंत माळ्यावर चार माणसं जमलेली. दाजींनी दोनदा बंद करून चालू केलं होतं. वायरमनने एक केबल बदलली होती. भाच्याच्या मित्राने कार्ड दुसऱ्या स्लॉटात घातलं होतं आणि जाता जाता बायॉसमध्येही काहीतरी केलं होतं. काय केलं ते त्याला आठवत नव्हतं. इतकं सगळं केल्यावर मशीन चालू झालं. सगळ्यांचे चेहरे फुलले. कशाने चालू झालं, ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे नाना कोपऱ्यात बसून हे बघत होते. ते म्हणाले, ‘एका वेळी एकच पार्ट काढायचा असतो. चार काढले तर गाडी सुरू होते, पण संध्याकाळी घाटात पुन्हा बंद पडते.’ मग ते उठून पंख्याला तेल द्यायला निघाले. त्यांना थांबवावं लागलं. पण पहिलं वाक्य शंभर नंबरी होतं. आणि गाडी घाटात पुन्हा बंद पडली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी. पुन्हा आठच डिस्क.

हा आकडा हीच सगळी साक्ष असते. एक डिस्क गेली तर दोष त्या डिस्कचा, किंवा तिच्यापर्यंत जाणाऱ्या टोकाचा. चार एकदम गेल्या तर केबल बघा, कारण या कार्डांना दोन तोंडं असतात आणि एका तोंडातून निघणारी केबल पुढे चार शेपट्या होऊन चार डिस्कना जाते. आठ एकदम गेल्या तर कार्ड, किंवा कार्ड ज्यात बसलंय तो स्लॉट. सगळ्याच गेल्या तर पॉवर सप्लाय. चोवीस डिस्क एकाच क्षणी फिरायला लागल्या, तर नुसत्या उठण्यासाठी त्यांना मिळून पावणेसहाशे वॅट लागतात. एकदा फिरायला लागल्या की निम्म्याहून कमी. म्हणून कार्डाला सांगून ठेवायचं, की यांना एकेक करून उठव. आठ डिस्क एकाच सेकंदाला जळाल्या असं कुणी सांगितलं, तर त्याला चहा द्या आणि खाली बसवा. आठ डिस्क अशा ठरवून मरत नाहीत.

लिनक्सच्या नोंदींत सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायच्या आधी दाजींनी मशीन बंद केलेलं असतं. कर्नलच्या ताज्या नोंदी मेमरीत राहतात. त्या डिस्कवर उतरवून ठेवायची सोय केलेली नसेल, तर रीस्टार्ट मारला की पुसल्या जातात. पंचनामा व्हायच्या आत जागा धुऊन काढायची आपल्याकडे फार घाई असते. या वेळी मात्र मी दाजींना खाली ऊस आणायला पाठवलं आणि नोंदी वाचल्या. मधलं कार्ड उत्तर देईनासं झालं होतं. ड्रायव्हरने त्याला हाका मारल्या, मग रीसेट केलं, मग नाद सोडला, आणि मग त्याच्या आठही डिस्क एकेक करून रजेवर गेल्याची नोंद.

कार्डाच्या चिपवरच्या काळ्या हीटसिंकला बोट लावलं आणि लगेच काढलं. ही कार्डं सर्व्हररूमसाठी बनवलेली असतात. तिथे मिनिटाला दोनशे फूट वेगाने वारा अंगावरून वाहील, असं गृहीत धरून त्यांना स्वतःचा पंखा दिलेलाच नसतो. सारोळ्यातल्या माळ्याला पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी वर माणूस थांबत नाही. त्यात मधल्या कार्डाला दोन्ही बाजूंनी शेजारी. लग्नाच्या हंगामात सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त ऊन एकाच महिन्यात येतं. त्याला वैशाखात मुहूर्त काढणारे भटजी जबाबदार आहेत, एलएसआय नाही. शंभर-दीडशे रुपयांचा छोटा पंखा हीटसिंकवर आवळून बसवला आणि आठही डिस्क परत आल्या. नंतर डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यपत्रिका काढून पाहिल्या. तेवीस ठणठणीत. एकीच्या १९९ नंबरच्या रकान्यात मोठा आकडा होता. त्या रकान्यात वाटेत बिघडलेल्या निरोपांची मोजणी असते. म्हणजे डिस्क चांगली, केबल ढिली. केबल नीट बसवली की तो आकडा वाढायचा थांबतो. कमी मात्र होत नाही, त्यामुळे भाचा दर आठवड्याला बघून घाबरतो.

या प्रकरणात खरा धोका कार्डाचा नव्हता. आठ डिस्क परत आल्यावर त्यांचा रेडचा गट, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून केलेली एक डिस्क, आपोआप उभा राहिला नाही. गटाला वाटलं, आठ गेल्या म्हणजे आपण संपलो. भाच्याच्या मित्राने फोनवर व्हिडिओ पाहून आज्ञा टाइप करून ठेवली होती. त्यात ‘क्रिएट’ हा शब्द होता. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं. क्रिएट म्हणजे जुनी घडी मोडून त्याच डिस्कवर नवी घडी घालणं. त्यात डिस्कचा क्रम किंवा कुठलं एखादं माप जरी चुकलं, तरी सगळ्या लग्नांची मिळून भेळ होते. तिथे लागतं ‘असेंबल’. प्रत्येक डिस्कच्या कपाळावर गटाची ओळख आणि तिची जागा लिहिलेली असते. शेवटच्या नोंदी एकमेकींशी जवळपास जुळत असतील, तर थोडा जोर लावून गट पुन्हा उभा राहतो, आणि डिस्क कोणत्या कार्डावर आहेत याने काही बिघडत नाही. राहिला. अण्णा हसले.

मग मी एक बदल सुचवला. आधी एका कार्डावरच्या आठ डिस्कचा एक गट होता. दोन डिस्क गेल्या तरी गट चालू राहील अशी रचना होती, पण कार्ड थांबलं की आठही गेल्या. त्याऐवजी सहा-सहा डिस्कचे चार गट करायचे आणि प्रत्येक गटाच्या दोन-दोन डिस्क तिन्ही कार्डांवर वाटायच्या. मग एक कार्ड आख्खं बसलं, तरी प्रत्येक गटातल्या दोनच जातात आणि चारही गट चालू राहतात. भाच्याने कॅल्क्युलेटर काढला. १४४ टेराबाइटची वापरायची जागा १२८ वर येत होती. ‘मामा, सोळा लग्नं कमी झाली.’ त्याला हे पटवायला पूर्ण एक पावसाळा गेला. शेवटी पुढच्या वर्षीच्या आषाढात, लग्नं बंद असताना, सगळं फुटेज दुसरीकडे उतरवून गट नव्याने लावले. त्यातही चारही गट फार हळू चालत होते, आणि दोष तिसऱ्या कार्डाच्या स्लॉटाचा होता. तो दिसायला लांबलचक, पण आत तारा चारच पदरांच्या, आणि बोर्डावर एम-टू डिस्क बसवली की त्यातल्याही काही तिच्याकडे जातात. स्लॉटाच्या लांबीवर जाऊ नये. लिनक्सला विचारलं की तो खरी रुंदी सांगतो. एम-टू डिस्क काढून टाकली.

एवढं झाल्यावर एक केबल बदलली, तर चार डिस्क दिसेनाशा झाल्या. चार, म्हणजे केबल. जी नवी केबल बसवली होती ती उलट्या जातीची निघाली. या केबलचे दोन प्रकार असतात. एक कार्डाकडून चार डिस्ककडे जाणारी, दुसरी मदरबोर्डाच्या चार पोर्टांकडून एका मोठ्या तोंडाकडे येणारी. दिसायला दोन्ही तंतोतंत सारख्या, टोकंही तीच, किंमतही तीच. चुकीची लावली तर ठिणगी उडत नाही, धूर येत नाही, काही जळत नाही. डिस्क फक्त दिसत नाहीत आणि माणूस कार्डाला शिव्या देतो.

तेव्हा वाचकहो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही केबल घ्यायला गेलात, तर ‘कार्डाकडून डिस्ककडे जाणारी’ असं दोनदा सांगा. दुकानदार ‘कुठूनही लावा, चालते’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आणि घरी तशी सुलट एखादी जास्तीची पडून असेल, तर सातारच्या बाजूला जाताना पुलाच्या अलीकडे सारोळ्यात थांबा. भाचा रस्त्यावर येऊन घेऊन जाईल, आणि उलट्या जातीची एक कोरी केबल बदल्यात देईल.